देवाने ऐकले नाही असे मूल म्हणते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात पंचगंगेच्या पुराचे पाणी शिरते अशा एका भागात राहणाऱ्या आईने तो विचारला आहे. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीने आजारी आजोबांसाठी रोज देव्हाऱ्यापुढे हात जोडले, तरी आजोबा गेले. नऊ वर्षांच्या मुलाने काकांच्या सांगण्यावरून मारुतीचे स्तोत्र म्हणून जत्रेतली लहान गटातली कुस्ती धरली आणि तो चितपट झाला. आता मुलगी रात्री पावसाचा आवाज वाढला की घाबरून उठते आणि ‘मी दादाशी भांडते म्हणून देवानं माझं ऐकलं नाही’ असे म्हणते; मुलगा तालमीत जायला तयार नाही आणि देव खोटा आहे असे सांगतो. आजींचे म्हणणे असे, की मुलांकडून आणखी पाठांतर करून घ्यावे. मुलांचे वडील स्वतः देव मानत नाहीत, त्यामुळे हे सगळे बंद करावे असे त्यांना वाटते. आईला दोन्ही पटत नाही, आणि लहान मुलांना घरी श्रद्धा शिकवावी की नाही, शिकवली तर अडचणीला तोंड देण्यासाठी तिचा उपयोग कसा होईल, असे त्या विचारतात.

बालवाडीत शिकवताना आणि नंतर पालकांशी बोलताना हा प्रश्न माझ्यापुढे वेगवेगळ्या रूपांत येत राहिला आहे, आणि माझे मत स्पष्ट आहे. श्रद्धा शिकवायला हरकत नाही. मात्र घरात देवाकडे आपण कोणते काम सोपवतो, ते आधी तपासून पाहावे. तुमच्या दोन्ही मुलांना, कोणाचाही वाईट हेतू नसताना, एक व्यवहार शिकवला गेला आहे: आपण अमुक केले, की देव तमुक देतो. व्यवहार फसला, तेव्हा मोठ्या मुलाने समोरच्याला खोटे ठरवले आणि धाकटीने स्वतःला दोषी ठरवले. मुलाचे बोलणे ऐकायला जास्त बोचरे वाटते, पण आधी लक्ष द्यायला हवे ते मुलीकडे.

सहा वर्षांचे मूल असे का म्हणते, हे समजून घेतले तर तिला काय सांगायचे ते सुचते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ साली मुलांच्या नैतिक विचारांवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी मुलांना एक गोष्ट सांगितली होती: एक मुलगा सफरचंदे चोरून पळतो, ओढ्यावरच्या कुजक्या पुलावर येतो आणि पूल मोडून पाण्यात पडतो, त्याने चोरी केली नसती तर तो पडला असता का? सहा वर्षांच्या बहुतेक मुलांचे उत्तर असे होते, की चोरी केली म्हणूनच तो पडला. मोठ्या मुलांना पूल कुजका होता हे दिसू लागते. म्हणजे घडलेले प्रत्येक वाईट कोणाच्या तरी चुकीची शिक्षा असते, ही समजूत त्या वयात मुलाच्या मनात आपोआप तयार होत असते. तिला कोणी शिकवावे लागत नाही, मात्र घरातल्या बोलण्याने ती फार पक्की होते. ‘खोटं बोललास तर देव डोळे फोडील’, ‘ताटात टाकलंस, आता लक्ष्मी रुसेल’, ‘बघ, पडलास ना, देवानं शिक्षा केली’ ही वाक्ये आपल्याकडे सहज जिभेवर असतात. बोलणारा ते अर्ध्या मिनिटात विसरतो; ऐकणारे मूल मात्र पुढे घरात कोणी आजारी पडले की हिशेब मांडत बसते.

म्हणून पहिले काम हे, की घरातून देवाची ही पोलिसाची नेमणूक रद्द करावी. जेवण टाकू नये, कारण ते कोणी तरी कष्टाने पिकवले आणि शिजवले आहे. खोटे बोलू नये, कारण मग आई विश्वास कसा ठेवणार. कारणे खरी द्यावीत. आजींना हे सांगताना मुलांसमोर सांगू नका, आणि ‘तुम्ही मुलांना घाबरवता’ असेही म्हणू नका. ‘ती आजोबांच्या जाण्याचा दोष स्वतःकडे घेते आहे, तिला तुमच्या तोंडून ऐकायला हवं की तसं नाही’ एवढे सांगितले, तर नातीसाठी कोणतीही आजी आपली जुनी वाक्ये सोडायला तयार होते, असा माझा अनुभव आहे. शिवाय हे काम तुमच्यापेक्षा त्यांनी केलेले अधिक परिणामकारक ठरेल, कारण त्या घरात देवाच्या बाबतीत शेवटचा शब्द मुलीच्या लेखी आजीचा आहे.

मुलीशी बोलताना शब्द साधे आणि पूर्ण हवेत. ‘तू भांडलीस म्हणून आजोबा गेले नाहीत. कुणाच्याही भांडणानं माणूस मरत नाही. आजोबांचं हृदय फार थकलं होतं, डॉक्टरांनी औषधं दिली, तरी ते बरं होऊ शकलं नाही.’ आजाराचे खरे नाव सांगावे, नाही तर पुढच्या वेळी कोणाला साधी सर्दी झाली तरी तिला धडकी भरेल. हे एकदा सांगून भागत नाही. ती आठ दिवसांनी पुन्हा तेच विचारील, आणि पुन्हा तेच, त्याच शब्दांत सांगावे लागेल. तिला समजले नाही असा त्याचा अर्थ नसतो, उत्तर अजून तेच आहे ना हे ती पाहत असते.

मृत्यूबद्दल बोलताना आपल्याकडच्या काही सौम्य वाक्यांनी घोटाळा होतो. मेलेला माणूस परत येत नाही, त्याचे शरीर काहीच करत नाही आणि प्रत्येकाला कधी तरी मरण येते, या तिन्ही गोष्टी एकत्र समजायला मुलांना साधारण पाच ते सात वर्षांचे वय उजाडते. त्या उंबरठ्यावरच्या मुलीला ‘आजोबा झोपले’ असे सांगितले तर ती झोपायला घाबरते, ‘गावाला गेले’ म्हटले तर वाट पाहते. सर्वांत वाईट वाक्य म्हणजे ‘देवाला आवडले म्हणून त्यानं नेलं’. ज्याच्यापुढे ती रोज हात जोडते, तोच आवडती माणसे उचलून नेतो, हे ऐकल्यावर तिने देव्हाऱ्याकडे कोणत्या भावनेने पाहावे? ‘देवाघरी गेले’ हे म्हणायचेच असेल, तर आधी शरीराचे सत्य सांगून झाल्यावर, आणि ‘आपण असं मानतो’ हे शब्द जोडून म्हणावे. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट आणि आपण मानतो ती गोष्ट वेगवेगळ्या वाक्यांत सांगण्याची ही सवय मला पाठांतरापेक्षा कितीतरी मोलाची वाटते. पुढे वडिलांच्या मताचा विचार करताना ती पुन्हा कामी येणार आहे.

मग प्रार्थनेत मागायचे काय? मुलांनी काही मागूच नये, असे मी म्हणणार नाही. ते अनैसर्गिक होईल, आणि नवस बोलणाऱ्या, फेडणाऱ्या या जिल्ह्यात ते कोणी ऐकणारही नाही. मुलीला मनातले सगळे देवापुढे बोलू द्यावे, भीती, राग, हट्ट, आजोबांबद्दलची तक्रारसुद्धा. मात्र दिवा लावून शुभंकरोती म्हणून झाल्यावर मोठ्यांनी आपले एक वाक्य मोठ्याने जोडावे, आणि त्यात वस्तूऐवजी बळ मागावे: ‘उद्या मला आजोबांच्या खोलीत जाऊन त्यांचे कपडे आवरायचे आहेत, मला रडू येईल, मला धीर दे.’ आई देवापुढे असे बोलते हे मुलाने ऐकले, की प्रार्थना कशासाठी असते ते त्याला व्याख्यानाशिवाय कळते. आणि दुसऱ्या दिवशी आई खरोखरच ते कपडे आवरताना दिसली पाहिजे.

मागितलेले प्रत्येक वेळी मिळत नाही, हे दाखवायला आपल्या गावात एक अतिशय चांगली जागा आहे. अंबाबाईच्या मंदिरात ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत किरणोत्सव होतो. मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात आणि पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी त्याहून वर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचावीत अशी अपेक्षा असते. दर वेळी तसे होत नाही. कधी ढग आडवे येतात, कधी हवेतली आर्द्रता आणि धूळ, आणि किरणांच्या वाटेत आलेल्या बांधकामांचा प्रश्नही शहरात अनेकदा चर्चेला आला आहे. मुलांना मुद्दाम त्या संध्याकाळी न्यावे. किरणे कमरेपाशीच थांबली, तर जमलेली माणसे देवी रागावली असे म्हणत नाहीत. ढगाकडे पाहतात, कारण शोधतात, आणि आरती करून उद्या पुन्हा येतात. त्या गाभाऱ्यासमोर खगोलशास्त्र आणि भक्ती शेजारी शेजारी उभे असतात, हे नऊ वर्षांच्या मुलाला सहज दिसते. सूर्य त्याच दिवसांत त्याच जागी का मावळतो, हा प्रश्न त्याने विचारला तर मुलांच्या वडिलांनी उत्तर द्यावे. त्यांना त्या संध्याकाळी मंदिरात यायला एक चांगले कारण मिळेल.

आता मुलाकडे वळतो. त्याला देवाबद्दल समजावण्याआधी त्याच्या हरण्याबद्दल बोलायला हवे, कारण त्याचा राग मुळात तिथला आहे. जत्रेच्या मैदानात, गावासमोर पाठ टेकणे ही नऊ वर्षांच्या पोरासाठी लहान गोष्ट नाही. ‘एवढं काय त्यात’ हे वाक्य कोणी म्हटले असेल, तर ते आधी मागे घ्यावे. ‘तू हरलास, तुला लाज वाटली, आणि स्तोत्र म्हणूनही हरलो म्हणून फसवल्यासारखं वाटलं’ असे त्याच्या वतीने नेमके बोलून दाखवावे आणि मग काही वेळ गप्प राहावे. काकांनाही एक काम द्यावे: ‘स्तोत्र म्हटल्यानं कुस्ती जिंकता येते असं मी सांगितलं, ते चुकीचं होतं’ हे त्यांनी पुतण्याला सरळ सांगावे. मोठा माणूस आपला शब्द दुरुस्त करतो हे पाहून मुलाचा निम्मा राग उतरतो.

उरलेल्या निम्म्यासाठी त्याला वस्तादांकडे घेऊन जा. कोल्हापूरच्या तालमीत श्रद्धा आणि कष्ट यांचा जो क्रम रोज पाळला जातो, त्याहून चांगला धडा घरात तयार करता येणार नाही. पोरगा आत येतो, मारुतीला नमस्कार करतो, आखाड्याच्या हौद्यातली तांबडी माती कपाळाला लावतो, आणि लगेच जोर-बैठकांना लागतो. मारुती तुझ्या वतीने बैठका काढील असे तिथे कोणीही म्हणत नाही. हरलेल्या पोराला वस्ताद विचारतात तो प्रश्नही भक्तीचा नसतो. पाय कुठे अडकला, मान का सोडलीस, एवढेच ते विचारतात. खासबाग मैदानात मोठ्या कुस्त्या झाल्या, त्या प्रत्येक कुस्तीत दोन्ही मल्ल एकाच मारुतीला नमस्कार करून उतरले असणार, आणि त्यातला एक हरलाच असणार. मुलाला हे ऐकवा आणि विचार करायला सोडून द्या. ‘मग नमस्कार कशाला करायचा?’ असे त्याने विचारले, तर मी असे उत्तर देईन: ‘मन एका जागी यावं म्हणून, समोरच्याबद्दल वैर राहू नये म्हणून, आणि हरल्यावर पुन्हा इथंच यायचं आहे हे लक्षात राहावं म्हणून.’ तालमीत परत जाण्याची सक्ती करू नये. आठवडाभर फक्त कट्ट्यावर बसून बघायला सांगावे; माती हाताशी असली की बहुतेक पोरे फार दिवस नुसती बसून राहत नाहीत.

पावसाच्या भीतीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ती भीती खोटी नाही. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती, आणि ज्या घरात ते पाणी शिरले त्या घरात त्याच्या गोष्टी अजून निघतात. मुलगी तेव्हा तान्ही असली तरी त्या गोष्टी ऐकतच मोठी झाली आहे. अशा मुलीला ‘काही होत नाही, देव आहे’ असे सांगणे म्हणजे पुन्हा तोच व्यवहार, आणि तो पुन्हा फसू शकतो. याऐवजी तिला नृसिंहवाडीला काय होते ते सांगा. कृष्णा आणि पंचगंगा चढू लागल्या, की पाणी दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते, आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नान करायला भाविक गर्दी करतात. पण त्याच वेळी पुजारी उत्सवमूर्ती उचलून उंचावरच्या नारायणस्वामी मंदिरात नेतात. पाण्याला नमस्कार करणारी माणसेच देवाला वेळेवर उंच जागी हलवतात. आपण घर सोडून मावशीकडे गेलो, तर तो देवावरचा अविश्वास नाही, हे याहून सोप्या रीतीने मला सांगता आलेले नाही.

यानंतर भीतीला काम द्यावे. जूनमध्येच मुलीची एक छोटी पिशवी तिच्याच हाताने भरून घ्यावी: रेनकोट, एक जोडी कपडे, आजोबांचा फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, आवडते खेळणे, विजेरी. आपण कुठे जाणार, तिथे कोण असेल, कोणाचा हात धरायचा, हे तिला पाठ असावे. मुलाला रोज सकाळी पंचगंगेची पातळी वाचून वहीत लिहायला सांगावे. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे एकदा कळले की पावसाच्या प्रत्येक सरीला दचकण्याची गरज राहत नाही. सहा वर्षांच्या मुलीला मात्र हे आकडे रोज ऐकवू नयेत, आणि रात्री बातम्यांतली पुराची दृश्ये तिच्यासमोर चालू ठेवू नयेत. निजण्यापूर्वी पिशवी जागेवर आहे हे पाहायचे, मग हात जोडायचे आणि झोपायचे, असा क्रम ठेवावा. तयारी आधी, प्रार्थना नंतर.

गोष्टी सांगताना निवड करावी. हिरण्यकश्यपूचे पोट फाडण्याचा प्रसंग किंवा स्वतःच्या मुलाला मारायला निघालेला बाप, हे सहा वर्षांच्या मुलीसाठी नाही, मग ती कथा कितीही पवित्र असो. गोवर्धनाची गोष्ट पुराच्या भागातल्या मुलांना फार आवडते, आणि ती सांगताना करंगळीवर जितका वेळ घालवतो तितकाच गोपांनी आपापल्या काठ्या टेकवल्या त्या भागावर घालवावा. ‘आमच्या गल्लीत कृष्ण का नाही आला?’ असे एखादे मूल विचारतेच. २०१९ मध्ये होड्या घेऊन आलेले जवान, रात्रभर माणसे बाहेर काढणारी तालीम मंडळांची पोरे, चपात्या लाटून पाठवणाऱ्या बायका, यांच्या खऱ्या आठवणी त्या प्रश्नाच्या उत्तरात सांगाव्यात. तो कृष्णच होता असे निष्कर्ष काढून देऊ नयेत. मुले स्वतः काय ते म्हणतात.

रोजच्या लहान अडचणी मुलांच्या वाट्याला येऊ द्याव्यात, याबद्दल फार लिहीत नाही. बुटाची नाडी, शेजारच्या दुकानातून एकटीने काडेपेटी आणणे, विसरलेली वही बाईंना स्वतः सांगणे, यांत आईने आधीच धावून जाऊ नये. आषाढी एकादशीला कोल्हापूरजवळच्या नंदवाळच्या विठ्ठलाला जाणाऱ्या दिंडीत मुलांना थोडे अंतर चालवून बघा. ‘अजून किती लांब आहे’ हे ती दहा वेळा विचारतील; भजन, सावली, पाणी, बरोबरची माणसे, यांच्या आधाराने थकवा कसा ओलांडायचा, हे तिथे पायांना कळते.

हे सगळे करूनही मुलीची झोप आठवड्यांमागून आठवडे उडालेलीच राहिली, ती अंथरूण ओले करू लागली, खाणे तुटले, शाळेत जाईना किंवा स्वतःला दोष देणे थांबेना, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवावे. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात चौकशी करता येते, आणि केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. अंगारा लावायचा असेल तर लावा, त्याने नुकसान नाही; मात्र तेवढ्यासाठी डॉक्टरांची भेट पुढे ढकलू नका.

राहिला वडिलांचा प्रश्न. आई हात जोडते आणि बाबा जोडत नाहीत, याने मुले गोंधळतात असा समज आहे, पण गोंधळ मतभेदाने कमी आणि त्यावरच्या कुजबुजीने जास्त होतो. कोल्हापूरच्या मुलाला वेगवेगळ्या पद्धतींनी मानणारी माणसे नवी नाहीत. मोहरमात पंजांच्या दर्शनाला जाणारी हिंदू घरे इथे पुष्कळ आहेत, कुरुंदवाडला मशिदींत गणपती बसतो, आणि राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली ती याच शहरात. शेजारी वेगळे मानतात हे ज्या मुलीला चालते, तिला बाबा वेगळे मानतात हेही चालेल, फक्त ते तिला सरळ सांगितले गेले पाहिजे. ‘बाबा, तुम्ही नमस्कार का करत नाही?’ असे तिने विचारले, की त्यांनी टाळू नये आणि आजीच्या श्रद्धेची थट्टाही करू नये. ‘आई आणि आजी देव मानतात, त्यातून त्यांना धीर येतो. मी मानत नाही; मला अवघड वाटलं की मी आजोबांची आठवण काढतो आणि तुमच्या आईशी बोलतो. तू मोठी झालीस की तुझं तू ठरव’ एवढे उत्तर पुरे आहे. देव्हाऱ्यापाशी दिवा लागला असताना त्यांनी त्याच खोलीत, फोन बाजूला ठेवून, दहा मिनिटे बसावे, अशी माझी विनंती मात्र आहे. आणि मुलगा सध्या देव खोटा आहे म्हणतो, त्याला त्या दहा मिनिटांत काही म्हणण्याची सक्ती नको. त्याला वडिलांशेजारी बसू द्यावे.